मदत हवी आहे: फिजिओ ड्राय नीडलिंग करू म्हणतोय, २ दिवसांच्या कोर्सवर चालतं का?

घाटवाट_सातारा: उद्या ९ ची अपॉइंटमेंट आहे, लवकर सांगा. फिजिओ आता सुया टोचू म्हणतोय. भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये सर्टिफिकेट, तळाशी बारीक अक्षरात '२ दिवस'. पुरतं का एवढं?

मिरजकर: सुया कुठे? मान, कंबर, पोटरी? वय किती?

हळदगल्ली: ॲक्युपंक्चर ना? त्याला महाराष्ट्रात २०१५ चा कायदा आहे. आमच्या सासूबाईंची अर्धशिशी त्यानेच थांबली.

पळता_भुई: ताई, ते वेगळं. सुई तशीच बारीक, आत औषध नाही, पण ही स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत घालतात. यवतेश्वर घाटात पोटरी धरली होती, दोनदा टोचून घेतलं. मस्त मोकळी झाली. बिनधास्त जा.

फिजिओ_सांगली: पोटरीचं उदाहरण देऊन 'बिनधास्त' म्हणू नका. आमची डिग्री इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची होती, शरीररचना तिथे शिकलो. २ दिवसांत सुई धरता येते. किती खोल, कुठल्या कोनात, याला हात बसावा लागतो. अमेरिकेतही एक नियम नाही: मेरीलँडमध्ये ८० तास, त्यातले ४० प्रत्यक्ष हाताने, काही राज्यांत फिजिओला परवानगीच नाही. आणि खांद्यावर टोचणार असतील तर खाली फुप्फुस आहे. तिथे सुई गेली की छातीत हवा भरते.

पळता_भुई: घाबरवा लोकांना.

कृष्णाकाठ: मुळात फिजिओने नावापुढे डॉ. लावावं का?

मिरजकर: त्याचा वेगळा धागा काढा हो. घाटवाट, सुया कुठे ते सांगताय ना?

घाटवाट_सातारा: खांद्यावर, मानेजवळ. मला नाही, बाबांना. ६८ वय. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, त्याने काय फरक पडतो?

मिरजकर: अहो, हे आधी सांगायचं!

फिजिओ_सांगली: पडतो. टोचल्यावर आत रक्तस्राव होऊन रक्त साकळू शकतं. गोळी मनाने बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. फिजिओला तीन गोष्टी विचारा: राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक, खांद्यावर आजवर किती जणांना टोचलं, सुई पाकीट तुमच्यासमोर फोडणार का.

घाटवाट_सातारा: फोन केला. नोंदणी क्रमांक लगेच दिला. किती जणांना टोचलं विचारल्यावर म्हणाले, "कोर्समध्ये एकमेकांना टोचलं होतं." गोळीचं त्यांनी विचारलंच नव्हतं. उद्याचं रद्द केलं. बाबा खूश, त्यांना सुईची भीतीच.

हळदगल्ली: आंबेहळदीचा लेप लावा, गरम.