मदत हवी आहे: २४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरने वेड्या बाभळी निघतील का?

राम राम मंडळी,

सांगोला तालुक्यात ओढ्याकडेला आमचं अडीच एकर रान आहे. वडील गेल्यावर तिकडे कोणी फिरकलं नाही आणि बारा वर्षांत वेड्या बाभळीने ते गिळून टाकलं. परवा मोजदाद केली. मनगटाएवढ्या बुंध्याची साठ-पासष्ट, मांडीएवढी बावीस आणि कवेत न मावणारी चार. बांधावर दोन लिंब, एक जांभूळ आणि एक जुनी चिंच आहे. रान मोकळं करून पुढच्या साली डाळिंब लावायचा विचार आहे.

घरी डाळिंबाच्या फवारणीसाठी घेतलेला मिनी ट्रॅक्टर आहे. २४ एचपी, फोर व्हील, हायड्रॉलिकची उचल ७५० किलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणातच संपेल. चार फुटी रोटाव्हेटर आहे, खड्डे काढायचं ड्रिल आहे. मित्राने त्याच्या मोठ्या ट्रॅक्टरचा एकफाळी सबसॉयलर (जमीन खोलवर फोडायचं अवजार) आणून ठेवलाय. तो दोघांना मिळून हलवत नाही.

आता झालेला प्रकार सांगतो. रविवारी मांडीएवढं एक झाड जमिनीसरशी कापलं, बुडख्याला साखळी गुंडाळली आणि दुसरं टोक टॉपलिंकच्या (मागे अवजार धरणारा वरचा दांडा) पिनेत अडकवलं. लो फर्स्टला टाकून क्लच सोडला. बुडखा जागचा हलला नाही, पण पुढची दोन्ही चाकं हातभर वर आली. पाय आपोआप क्लचवर गेला म्हणून वाचलो. बांधावर बसलेले तात्या एवढंच म्हणाले, "बैलाला एवढं तरी कळतं." त्यांनी घरी सांगितलं नाही, हे त्यांचे उपकार.

जेसीबीवाला तासाला १,२०० मागतो, येण्या-जाण्याचं वेगळं. ट्रॅक्टर दारात असताना ते जिवावर येतंय. तर प्रश्न असे. मिनीला पुढे लोडर (उचलायची बादली) किंवा मागे छोटा बॅकहो (जेसीबीसारखा खोदायचा हात) बसवून हे काम होईल का? सबसॉयलर लावावा का? आणि रविवारी माझं नेमकं काय चुकलं? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनीच सांगा, उंटावरून शेळ्या हाकणारे गावात भरपूर आहेत.

---

जुना मिस्त्री:
दादा, आधी देवाला नारळ फोडा. टॉपलिंकला साखळी लावून ओढणं म्हणजे ट्रॅक्टर स्वतःच्या अंगावर ओढून घेणं. मागची चाकं फिरायची थांबली की इंजिनाची ताकद कुठेतरी जाणारच. मग चाक ट्रॅक्टरला पुढे नेण्याऐवजी ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरायला बघतो, म्हणजे तोंड वर. त्यात साखळी मागच्या आसाच्या वर बांधलेली असेल तर ती मागून आणखी खेचते. एका मर्यादेपलीकडे उचलला गेला की क्लच दाबायलाही वेळ उरत नाही. साखळी कायम खालच्या हुकाला, आसाच्या खाली. टॉपलिंकला नाही, आसाला नाही, तीन पॉइंट (अवजार जोडायचे मागचे तीन दांडे) वर उचलून तर अजिबात नाही.

दुसरं, एचपीवर जाऊ नका. ट्रॅक्टर ओढतो तो वजनावर. तुमच्या मिनीचं वजन सात-आठशे किलो असेल. कोरड्या, घट्ट जमिनीत फार तर त्याच्या निम्म्या-पाऊण वजनाएवढी ओढ मिळेल. पंचेचाळीसचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो, जेसीबी साधारण साडेसात टनांचा. मांडीएवढ्या बाभळीचं सोटमूळ यातल्या कुणाला ऐकेल ते तुम्हीच ठरवा.

धागाकर्ता:
मिस्त्री, नारळ फोडला. खालचा हुक ट्रॉलीचा म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. पण मग लोडर-बॅकहोचं काय?

जुना मिस्त्री:
बसवणारे बसवून देतात, वर्कशॉपला काम हवंच असतं. पण तो बोजा पेलायला पुढून मागपर्यंत जाणारी वेगळी चेसी लागते. नुसत्या तीन पॉइंटवर बॅकहो टांगून मुळं उचकटायला गेलात तर झटका थेट ट्रॅक्टरच्या पोटात जातो. क्लचची हाउसिंग तडकलेला एक मिनी माझ्याकडे खोलून पडलाय. आणि ७५० किलोची उचल लिंकच्या टोकाजवळची धरा. अवजार जितकं मागे लांब, तितकी ती घटते. तो सबसॉयलर मित्राला परत करा. उचलला तरी रिकाम्या रानातही तुमचं तोंड हलकं होईल आणि स्टिअरिंग लागणार नाही.

वाफसा:
मी पंढरपूरकडचा, तीन एकर असंच काढलंय, म्हणून लिहितो. तुम्ही झाड जमिनीसरशी कापलं, तिथेच अर्धं काम घालवलं. छातीएवढं खोड राखायचं, वरचा सगळा फांदोरा छाटून टाकायचा. मग बुडाभोवती हात-सव्वा हात खोल चर घ्यायचा आणि आडव्या मुळ्या कुऱ्हाडीने तोडायच्या. साखळी खोडाला वरच्या टोकाजवळ आणि ट्रॅक्टरला खाली. खोड तरफेचं काम करतं. साखळी पंधरा-वीस फूट लांब घ्या, म्हणजे झाड आलं तरी तुमच्या मानेवर येत नाही. आधी ढील हळूच काढून घ्यायची, मग ओढायचं. झटका द्यायचा नाही. चाक जागेवर फिरलं की थांबायचं, उतरायचं आणि कुठली मुळी राहिली ते बघायचं. नायलॉनचा दोर वापरू नका, तुटला तर चाबकासारखा परत येतो. साखळीवरही मधोमध ओलं पोतं टाकून ठेवा.

आणि हे उन्हाळ्यात करू नका. पहिले दोन-तीन पाऊस होऊन वाफसा आला (माती ओलसर, पण चिखल नाही) की मनगटाएवढी झाडं तुमचा मिनी मुळासकट काढेल. मांडीएवढी काढताना मीही जेसीबीच लावला. त्यात लाज कसली?

रोटाव्हेटर मात्र मुळं वेचून झाल्याशिवाय घालू नका, शाफ्ट पिळवटेल.

चिंचेखाली:
एक विसरताय सगळे. वेडी बाभूळ वरून कापली की चौपट फुटते. तिचे डोळे जमिनीखाली वीतभर, मुळाच्या मानेवर असतात. ती मान काढली नाही तर पुढच्या वर्षी एका खोडाच्या जागी सहा मोजाल. शेंगा शेळ्या-गुरं खातात, बी शेणातून सगळीकडे पडतं आणि वर्षानुवर्षं उगवत राहतं. त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात पेन्सिलीएवढी रोपं हाताने उपटायची तयारी ठेवा.

बांधावरच्या चिंच-जांभळाला हात लावायच्या आधी वन खात्यात जाऊन या. १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, मोह, खैर यांच्याबरोबर ही दोन्ही झाडं आहेत. जमीन तुमची असली तरी परवानगी लागते. ट्रॅक्टरच्या धक्क्याने चिंच पडली, हे कोणी ऐकून घेणार नाही.

धागाकर्ता:
चिंच कोण पाडतंय! तात्यांची बसायची जागा आहे ती.

धागाकर्ता (जुलै):
उशिरा लिहितोय, पण धागा अर्धवट सोडणाऱ्यांतला नाही.

मृगात पाऊस बरा झाला. 'वाफसा' यांनी सांगितलेल्या पद्धतीने मनगटाएवढी एकोणसाठ झाडं मिनीने काढली, दोन गडी आणि मी, नऊ दिवस. साखळी खालच्या हुकाला, पुढे बंपरवर वजनं आणि मागच्या टायरमध्ये पाणी. एकदाही तोंड उचललं नाही. एक झाड ताणून धरलं होतं. जमिनीखालून मुळी तुटल्याचा आवाज आला, सुतळी बॉम्ब वाजावा तसा. आणि मग सगळं झाड एकदम सैल पडलं. ते बघायला तात्या चिंचेखालून उठून आले.

मोठ्या सव्वीस झाडांना जेसीबी लावला. सात तास लागले. शेवटचं झाड दीड तास एकट्याने खात होतं. ते ट्रॅक्टरने काढायला गेलो असतो तर हा धागा दुसऱ्या कोणीतरी लिहिला असता.

पंक्चर पाच झाली, चार पुढच्या चाकाची. मोकळ्या रानातही काटा मातीत उभा राहतो. कामाआधी पाट्याने रान ओढून काटे एका कडेला घ्यायला हवे होते, हे नंतर सुचलं.

आता नवा प्रश्न. कोळसा भट्टीवाला खोडं न्यायला तयार आहे, बुडखे नको म्हणतो. मातीने भरलेले आहेत, करवतीची धार जाते म्हणे. दीड-दोन ट्रॉली ढीग ओढ्याच्या कडेला पडलाय. पेटवला तर शेजारच्या बागेला झळ लागेल आणि ठेवला तर त्यातूनच फुटतील अशी भीती. कोणी काय केलंय?