टीबीसी कोटिंगवर (धातूला उष्णतेपासून वाचवणारा थर) आयन बीमचा, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या झोताचा, खरंच उपयोग होतो का?

मेटलर्जीवाली: एमटेकचा प्रोजेक्ट आहे, टर्बाइन ब्लेडवरचं झिर्कोनिया या सिरॅमिकचं कोटिंग, तेच ७-८ टक्के इट्रिया (इट्रियमचं ऑक्साइड) मिसळलेलं. गाईड म्हणतात आयन इम्प्लांटेशन (वेगवान आयन पृष्ठभागात घुसवणं) करून बघ, पण कोटिंग २०० मायक्रॉन जाड आणि १०० केव्हीचे आयन जातात मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे, मग उपयोग काय?

भट्टीकाका: अगं इम्प्लांटेशन वेगळं आणि पल्स्ड आयन बीम वेगळा. पल्स्डमध्ये मायक्रोसेकंदाच्या आत एवढी ऊर्जा पडते की वरचा अगदी पातळ थर वितळून लगेच गोठतो आणि खांबांसारख्या दाण्यांमधल्या फटी फक्त वरून बुजतात. खालच्या फटी राहायलाच हव्यात, ताण त्याच झेलतात! मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

राखधूळ: फटी बुजवायच्या कारण वाळू नाहीतर ज्वालामुखीची राख इंजिनात १२०० अंशांच्या आसपास वितळून काचेसारखी आत झिरपते, मग थंड होताना कोटिंगचे पापुद्रे सुटतात.

मेटलर्जीवाली: मग खालचा धातू गंजवणारा ऑक्सिजनपण अडेल ना?

भट्टीकाका: फटीतून येणारा अडेल, पण गरम झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकतातच, त्यामुळे बाँड कोटवरचा (झिर्कोनियाला ब्लेडशी जोडणाऱ्या धातूच्या थरावरचा) अॅल्युमिनाचा थर हळू वाढेल, थांबणार नाही. आणि गोठताना वरच्या थराला बारीक तडे जातात, एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) आधी तेच बघ.