बॅरल-एज्ड स्टाउट पुण्यात दीड वर्ष टिकेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी शिकागोजवळ राहते, डिसेंबरात पुण्याला येतेय आणि दादासाठी गूस आयलंड या ब्रूअरीची बर्बन काउंटी स्टाउट आणायची आहे, म्हणजे व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरवलेली काळी, कडक बिअर. पण दादा ५० चा होणार तो येत्या मे महिन्यात नाही, थेट त्याच्या पुढच्या मे महिन्यात, म्हणजे बाटल्या सतरा महिने पुण्यात राहणार आणि मध्ये अख्खा एक उन्हाळा. तिथेच अडलंय.

इतकं विचारतेय कारण मागे माझ्याकडून चूक झालीये. दोन वर्षांपूर्वी इथल्या एका छोट्या ब्रूअरीची सीझनल फ्रेश हॉप एल नेली होती, सप्टेंबरच्या सुमारास हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) तोडणी झाली की न वाळवता ओलेच टाकतात ती. ती आणल्या आणल्या प्यायची असते, हे दादाला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही छोटी ब्रूअरी निघाली तेव्हापासून त्याला क्राफ्ट बिअर आवडते, पण माझ्याकडून आलेली वस्तू तो लगेच वापरतच नाही, अत्तर असो नाहीतर चॉकलेट, "बघू गं, काहीतरी निमित्त होऊ दे". कॅन कपाटात वहिनीच्या साड्यांमागे राहिले आणि मे महिन्यात मित्र जमले तेव्हा निघाले. मी व्हिडिओ कॉलवर होते. त्यानं घोट घेतला, जरा थांबला, "छान आहे" म्हणाला आणि ग्लास संपवला. नंतर वहिनी म्हणाली, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती. मला फार वाईट वाटलं.

म्हणून या वेळी जपून ठेवली तरी चालेल अशीच बिअर न्यायची ठरवलंय. या स्टाउटमध्ये साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी ती बाजारात येते. अमेरिकेत बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवायची असा कायदा आहे, त्यामुळे एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही, ते ब्रूअरीवाले घेतात आणि त्यात स्टाउट महिनोन्महिने मुरत ठेवतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही एक उघडली होती, काकवीसारखी संथ उतरते, फेससुद्धा तपकिरी, आणि वास व्हॅनिलाचा, भाजलेल्या खोबऱ्याचा, थोडा खारकेचा. दादा काळा गूळ नुसता खातो, त्याला ही नक्की आवडेल.

२०१५ च्या काही बाटल्या लॅक्टोबॅसिलस या जिवाणूमुळे आंबल्या होत्या, कंपनीनं पैसे परत दिले आणि पुढच्या वर्षीपासून पाश्चराइज करायला लागले, त्यामुळे आंबायची तेवढी धास्ती नाही. धास्ती उकाड्याची आहे. सगळीकडे १० ते १३ डिग्री, अंधार आणि बाटली उभी असं लिहिलेलं असतं, पण पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये १३ डिग्री कुठून आणायची? फ्रीजमध्ये ठेवली तर ४-५ डिग्रीला मुरायची गती मंदावते हे कळतंय, पण खराब तर नाही ना होत? आणि मे महिन्यात वहिनीच्या फ्रीजमध्ये आमरसाच्या डब्यांतून जागा मिळायची मारामार, ती बाटल्या बाहेर काढणारच. मग गार-गरम-गार होण्यापेक्षा कपाटात खालच्या कप्प्यात, कापडात गुंडाळून ठेवलेली बरी का? पुण्या-मुंबईत कुणी खरंच उन्हाळा काढलाय का अशा बाटलीनं? छोटा वाइन कूलर घेऊन द्यायचीही माझी तयारी आहे, पण तो भर उन्हाळ्यात नीट चालतो का ते वापरणाऱ्यांनीच सांगा.

सामानाचं बघून झालंय. अल्कोहोल २४ टक्क्यांच्या आत असल्यानं चेक-इनला अडचण नाही आणि भारतात दारू, वाइन, बिअर मिळून माणशी दोन लिटर ड्यूटी-फ्री, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बरोबर चार बाटल्या. साधीच नेईन, कॉफीवाली नको, कॉफीचा वास ठेवून ठेवून उतरतो असं ऐकलंय. कुणाचा वेगळा अनुभव?

चारातली एक मात्र याच डिसेंबरात दादासमोर बसून उघडायची आहे, निमित्त नसलं तरी. तेवढ्यानं बाकीच्या तीन कशा बदलल्या तेही त्याला कळेल. तिकीट १४ डिसेंबरचं आहे, त्याआधी सांगितलंत तर फार बरं होईल.