पाणपक्ष्यांच्या शिकारीचा बाण: टोक धारदार की बोथट?

प्रश्न, निपाणीहून: शाळेच्या प्रदर्शनासाठी देशोदेशीच्या शिकारी बाणांचे नमुने करतोय. बदकांसाठीचं टोक म्हणून आमच्या लोहारानं पातळ, धारदार फाळ घडवून दिला. जुन्या चित्रांत मात्र पक्ष्यांचे बाण बोथट दिसतात. मग खरं कुठलं?

खानापूरचा सुतार: दोन्ही खरी, मास्तर. पण पाणपक्ष्याला मला बोथटच पटतं. पाण्यावरच्या पक्ष्यावर सोडलेले बरेच बाण चुकणार आणि पाण्यातच पडणार. जड लोखंड लावलासा तर बाण गेला तळाला. टोकाला लाकडी गड्डा, म्हणजे बोथट गोळा, असला तर बाण तरंगतो, होडीतनं उचलून परत वापरता येतो. तो टोचत नाही, दणक्यानं पक्षी पाडतो, मांस फाटत नाही. सायबेरियात असे बाण होते. काही ठिकाणी काडी, म्हणजे बाणाचा दांडा, आणि गड्डा एकाच लाकडातनं कोरायचे.

जपानी ‘करिमाता’ हे टोक मात्र लोखंडाचं दुबेळकं, धार आतल्या बाजूला. तुमच्या लोहाराकडनं तेही एक करून घ्या, शेजारी ठेवलं की फरक पोरांना आपोआप कळंल. मला सगळ्यात आवडतो तो ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा पक्षीभाला. कयाक म्हणजे त्यांच्या अरुंद होडीतनं फेकायचा. दांड्याच्या मध्यावर हाडाचे काटे, टोक हुकलं तरी बाजूचा काटा मानेत नाहीतर पंखात अडकावा म्हणून. काय विचार केलाय बघा!

गड्ड्याला शिवणीचं लाकूड घ्या. हलकं, कोरायला सोपं. काडी कळकाची, सावलीत वाळवलेली. निखाऱ्यावर शेकून सरळ करा, पेरं तासा. लाख वितळवून गड्डा बसवा आणि सांध्यावर अंबाडीचा दोरा घट्ट गुंडाळा. दोरा सैल राहिला तर काडी तिथंच चिरते.

गोकाकहून, पक्षीनिरीक्षक: सर, पिसं कोंबडीचीच लावा, रानपक्ष्याची नकोत. आणि फलकावर ठळक लिहा: १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडे रानबदकांची शिकार गुन्हा आहे, अगदी तळ्यावरच्या हळदी-कुंकू बदकाचीसुद्धा. बाण बघून पोरांचे हात शिवशिवतात, गलोली निघतात. घटप्रभेच्या काठावर हिवाळ्यात पाहुणी बदकं उतरतात, त्यांना हा त्रास नको.

निपाणीहून: ताई, फलक आजच लिहितो, कन्नडमध्येही. दादा, गड्डा किती जाड?

खानापूरचा सुतार: अंगठ्यापेक्षा थोडा जाड. पुढचं तोंड सपाट ठेवा, मागं काडीकडं निमुळतं करत न्या. लाख लावायच्या आधी बादलीत टाकून बघा. तरंगला नाही तर हलक्या लाकडाचा दुसरा करा.