मदत हवी आहे : ‘सॉल्टी’ मराठीत कसं आणू?

नमस्कार मंडळी. आमच्या इंदूरच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नातीने इंग्रजीत एक गोष्ट लिहिली आहे. तिचं मराठी मी करतेय आणि एका वाक्यापाशी चार दिवस अडले आहे. कॅरममध्ये हरलेली मुलगी स्ट्रायकर आपटून उठते, तेव्हा मैत्रीण म्हणते, ‘डोन्ट बी सो सॉल्टी!’

नात म्हणाली, हरल्याचं मनाला लागतं आणि तोंडावर दिसतं, तो सॉल्टी. ऑनलाइन खेळांत हा शब्द सर्रास चालतो. मला ‘ओल्ड सॉल्ट’ म्हणजे मुरलेला खलाशी आणि ‘सॉल्टी लँग्वेज’ म्हणजे शिवराळ बोलणं, एवढंच ठाऊक होतं.

मीठ तसंच ठेवलं तर इथे पंचाईत. इंदूर हे शेवेचं गाव, ‘नमकीन’ हा कौतुकाचा शब्द. हिंदीत चेहरासुद्धा नमकीन असतो. त्यात आमची मुलं दिवसभर हिंदी बोलतात. नात लहानपणी मीठ मागितलं की साखरेचा डबा आणायची!

मग ‘खार खाणे’ आठवलं. पण खार माणूस वर्षानुवर्षं खातो, ही मुलगी पाच मिनिटांत पुन्हा खेळायला बसते. शिवाय हिंदीतल्या ‘खार खाना’मधला खार फारसी, म्हणजे काटा. आपला खार तोच, की क्षारातला? जाणकारांनी हेही सांगावं. ‘हिरमुसणे’ फार मऊ पडतं, त्यात चिडवणं नाही.

मुलांच्या तोंडी शोभेल असा शब्द सुचवा. अंक शुक्रवारी छापायला जातोय.

प्रतिसाद

ताई, ‘चिडका बिब्बा’ घ्या. मीठ सोडा, चिडवणं राखा. बिब्ब्याचं तेल लागलं की अंगावर फोड उठतात, तसाच हा भडकणारा गडी. आणि ‘सॉल्टी’चा रागाचा अर्थ काही कालचा नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत १९३०च्या दशकात ‘जम्प सॉल्टी’ म्हणजे एकदम भडकणं.

धागाकर्ती

अगदी हाच! रामबागेत लहानपणी आम्ही हेच ओरडायचो, कसं सुचलं नाही? नातीला बिब्बा माहीत नव्हता, त्याचं हिंदी नाव ‘भिलावा’ही नाही. धोबी त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचे हे सांगितल्यावर तिला फार आवडलं. आता एकच विचारते : मुलगी आहे म्हणून ‘चिडकी’ करू, की बिब्ब्यासाठी ‘चिडका’च ठेवू? तुमच्याकडे मुली एकमेकींना काय म्हणतात?