स्वतः न वाचलेलं पुस्तक पोरांना सुचवावं का?

कपाटवाली:
मी ग्रंथपाल आहे. काउंटरवर येणारे बहुतेक वाचक तेरा ते सतरा वयाचे. माझं मत सरळ आहे: जे मी वाचलेलं नाही ते मी या मुलांना सुचवत नाही. त्यापायी माझं स्वतःचं वाचन पार बदललंय. उशाशी जाडजूड चरित्रं धूळ खात पडलीत आणि मी वाचतेय भुतांच्या मालिकेचा तिसरा भाग. पण 'छान आहे, घे' म्हणणं वेगळं आणि 'यातला भाऊ पहिली साठ पानं डोक्यात जातो, मग तोच आवडायला लागतो' म्हणणं वेगळं. दुसरं ऐकलं की पोरगं मोबाइलमधून मान वर काढतं. नुसता मलपृष्ठावरचा मजकूर वाचून शिफारस करणारी मोठी माणसं ही मुलं लगेच ओळखतात.

रद्दीतला_हिरा:
साफ असहमत. आपले भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला दुसरा 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक'. त्याचं, ग्रंथपालाचं नव्हे! तुम्ही वाचून वाचून किती वाचाल? बाकीची कपाटं काय शोभेला? शिवाय आपण नकळत आपल्या आवडीचंच वाचतो. म्हणजे तुम्हाला खेळाडूंची आत्मचरित्रं कंटाळवाणी वाटत असतील, तर ती कुणालाच सुचवली जाणार नाहीत.

कपाटवाली:
कंटाळवाणं वाटतं तेही वाचते हो, पगार त्याचाच आहे.

जुना_सभासद:
हे सगळे लाड आहेत. या वयात अभिजात साहित्य वाचायची सवय लावायची असते, कॉमिक्स पुरवायची नसतात. आवडेल तेच द्यायचं तर ग्रंथपाल हवा कशाला?

रद्दीतला_हिरा:
@जुना_सभासद, ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकं विषयवार आकडे देऊन लावायच्या पद्धतीत, कॉमिक्सला ७४१.५ हा स्वतःचा वर्गांक आहे, चित्रकलेच्या शेजारी. (अडचण एवढीच की मुलं ती कथा-कादंबऱ्यांत शोधतात आणि 'नाहीत वाटतं' म्हणून परत जातात. मी तर सरळ दारासमोर मांडा म्हणेन.) आणि सवय सक्तीने लागत नाही. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल पन्नास पानांचा नियम सांगतात: तेवढी वाचा, नाही रुचलं तर खुशाल सोडा.

निम्मं_पान:
मी सतरा वर्षांचा. ज्यांच्याबद्दल एवढं चाललंय त्यांच्यातलाच एक.
तुम्ही वाचलंय की नाही हा आमचा प्रश्नच नसतो. विचारायलाच लाज वाटते. धीर करून गेलं की समोरून 'तुला काय आवडतं?' अहो, ते माहीत असतं तर आलो असतो का! मी जातो तिथल्या मॅडम उलटं विचारतात: 'शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस, आणि का?' याचं उत्तर पटकन येतं. वर्णनं फार होती, नायक रडका होता, काहीही. मग त्या तीन पुस्तकं टेबलावर ठेवतात आणि आपल्या कामाला निघून जातात. ते निघून जाणं फार महत्त्वाचं. चेहरा न्याहाळत उभं राहिलं कुणी की भिडेखातर एक उचलावं लागतं, आणि ते तसंच परत येतं.

रद्दीतला_हिरा:
मॅडमनी ती तिन्ही पुस्तकं वाचलेली असतात का?

निम्मं_पान:
विचारलं होतं. म्हणाल्या, दोन वाचलीत, तिसरं कसं आहे ते तू सांग. मी ते आधी वाचलं 😄

कपाटवाली:
प्रश्नाची युक्ती उद्यापासून माझी. पण ते तिसरं पुस्तक मला पटत नाही. किशोरांच्या कादंबऱ्यांत आत्महत्या, घरातली मारहाण, सगळं येतं, आणि यायलाही हवं. मात्र समोरचं पोर आधीच त्यातून जात असेल तर 'मधे एक जड प्रकरण आहे, नको वाटलं तर थांब' एवढं तरी मला आधी सांगता आलं पाहिजे. मलपृष्ठावर ते लिहिलेलं नसतं.

रद्दीतला_हिरा:
त्यासाठी आधी वाचून गेलेल्या मुलांना विचारा की. तुमच्यापेक्षा स्पष्ट सांगतात.

कपाटवाली:
सांगतात. पण ज्याला सर्वात जास्त लागलेलं असतं, तो गप्प राहतो.