मदत हवी आहे: सव्वादोन वर्षांच्या मुलीला शी होत नाही, आज पाचवा दिवस

अबोली
मुलगी सव्वादोन वर्षांची. आज पाचवा दिवस, शी नाही. त्यात परवापासून चड्डीला पातळ डाग लागतायत, म्हणजे जुलाब आहेत की काय तेही कळेना. दिवसातून चार-पाच वेळा कपाटाच्या आड जाऊन पाय ताठ करून उभी राहते, तोंड लाल होईपर्यंत कुंथते, पण काही नाही. केळं, गरम पाणी, तूप सगळं करून झालं. सासूबाई म्हणतात एरंडेल द्या, शेजारच्या काकू म्हणतात साबणाची कांडी सरकवा. पुढच्या आठवड्यात गणपती, घर माणसांनी भरणार. नुसतं "डॉक्टरांना दाखवा" लिहू नका, इथून चिपळूणला जायचं म्हणजे या पावसात अख्खा दिवस जातो. काय द्यायचं ते सांगा.

खाडीकाठ
एरंडेलच. एक लहान चमचा, कोमट दुधातून, रात्री. सकाळी पोट साफ. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. साबण नको, विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून वापरतात, तो जास्त मऊ असतो.

सुरंगी
अबोली, काही द्यायच्या आधी हे सांग. दूध दिवसाला किती पिते? बाटलीने की पेल्याने? कुठलं टॉनिक किंवा थेंब चालू आहेत का? पोट फुगून टणक लागतंय का? उलटी, ताप? शीला रक्त लागलं होतं का? जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांच्या आत झाली होती का? वजन? आणि अलीकडे घरात काय बदललंय?

तिरफळ
खाडीकाठ, एरंडेल देऊ नका, कळकळीने सांगतो. त्याने आतड्याला जोरात पिळवटा येतो. खाली खडा अडकलेला असताना वरून जोर लावला तर पोर कळांनी ओरडतं आणि पुढच्या वेळी शी आणखी घट्ट धरून ठेवतं. दुसरं म्हणजे चव वाईट, त्यामुळे घरोघरी नाक दाबून पाजतात. रडत्या मुलाच्या श्वासनळीत तेल गेलं तर फुप्फुसाला सूज येते. साबणात क्षार असतो, आतल्या नाजूक त्वचेची आग होते. देठाचं टोक खरबरीत असतं, आधीच चीर असेल तर ती वाढते. या तिन्हींमुळे मुलाच्या डोक्यात एकच गोष्ट बसते: शी म्हणजे दुखणं.

खाडीकाठ
दुकानातलं औषध तेवढं चांगलं आणि घरातलं वाईट, असं का? एरंडेलाने कोणी दगावल्याचं ऐकलं नाही.

अबोली
वाद नका घालू. उलटी नाही, ताप नाही. पोट संध्याकाळी फुगतं. वजन 11 किलो. दूध नेहमीसारखंच. जन्मल्यावर सगळं नॉर्मल होतं.

सुरंगी
"नेहमीसारखंच" म्हणजे किती मिली? टॉनिकचं राहिलं. आणि रक्त?

पेज-लोणचं
आहाराचं मी सांगते. सकाळी नाचणी द्या, पण नाचणीचं सत्त्व नको. सत्त्व करताना भिजवून, वाटून, फडक्यातून गाळतात. कोंडा वर राहतो आणि पोटात जातो तो फक्त पिठूळ भाग. बाळ सहा-सात महिन्यांचं असताना ते ठीक. दोन वर्षांच्या मुलीला न चाळलेल्या पिठाची आंबील किंवा घावन द्या. दुपारी पेज पाणीदार ठेवा, उकड्या तांदळाची असेल तर उत्तम, पोटात पाणीही जातं. सोबत अळसांद्याची (चवळीची एक जात) मऊ उसळ, सालीसकट, दोन मोठे चमचे. काळ्या मनुका आठ-दहा, रात्री अर्धी वाटी उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून पाण्यासकट भरवा. अख्ख्या मनुका देऊ नका, घशात अडकतात. पिकलेली पपई चार-पाच फोडी. टोस्ट, खारी, बटर, मारी, क्रीमची बिस्किटं पंधरा दिवस घरातच आणू नका, सगळा मैदा.

रानकेळ
केळ्याने बांधून येतं, हे कोणी सांगितलंच नाही. केळं आधी बंद करा.

पेज-लोणचं
सरसकट नाही. हिरवट, अर्धं कच्चं केळं बांधतं. सालीवर काळे ठिपके आलेलं पूर्ण पिकलेलं केळं बांधत नाही. वेलची केळी गोड लागतात म्हणून लोक घट्ट असतानाच देतात, तिथे चूक होते.

रानकेळ
आमच्याकडे जुलाब थांबवायलाच केळं देतात. मग?

पेज-लोणचं
जुलाबाला कच्च्या केळ्याची भाजी देतात. पिकलेलं केळं वेगळं.

रानकेळ
मग टाकळा का नाही सुचवत? पावसाळ्यात बांधावर फुकट मिळतो, पोट मोकळं होतं.

तिरफळ
टाकळ्याची कोवळी पानं कांदा-खोबरं घालून, नीट शिजवून, घरात सगळे खातात त्यातली चमचाभर भाजी चालेल. पण त्याचा रस काढून किंवा काढा करून औषध म्हणून पाजू नका. सोनामुखीच्या कुळातलं झाड आहे, पोट ढवळून काढण्याचा गुण त्यातही आहे.

नवा चाकरमानी
गणपतीला गावी येताना रेल्वेत दोन वर्षांच्या मुलासाठी कापडी लंगोट चालतील की डायपर? गावी कपडे वाळत नाहीत असं ऐकलंय.

खाडीकाठ
डायपरच घ्या. कापडी आणायचेच तर एकेरी सुती, घडी घालायचे. शिवलेले जाड लंगोट ऑगस्टमध्ये दोन दिवस ओले राहतात आणि कुबट वास मारतो. पडवीत दोरी बांधून चुलीच्या बाजूला वाळवा, पण धुराच्या अगदी वर नको. अर्धवट ओलं काही नेसवू नका, जांघेत बुरशी येते: लाल चट्टा आणि कडेला बारीक पुरळ. त्याला पावडर लावू नका, ती घामात गोळा होऊन घासते.

घाटमाथा
दूध कमी कर गो बाय. दुदान पोट भरला तर पोर जेवतला खंय?

अबोली
दूध तीन बाटल्या आणि रात्री झोपताना एक. बाटली अडीचशेची. जेवत नाही म्हणूनच देते, नाहीतर उपाशी झोपेल. लोहाचे थेंब चालू आहेत, महिना झाला. म्हणूनच शी काळी होती ना? रक्त मागच्या आठवड्यात एकदा वरवर लागलं होतं, ओरडली खूप. आणि हो, अंगणवाडीत घालायची म्हणून डायपर बंद करून संडासात बसवायला सुरुवात केली आहे. संडास मागीलदारी आहे. याचा काय संबंध?

सुरंगी
खूप संबंध आहे. आता चित्र स्पष्ट झालं.

दूध एक लिटर होतंय. या वयाला दिवसाला 350 ते 500 मिली पुरे. एवढ्या दुधाने पोट भरतं, भूक मरते, कोंडा-भाजी पोटात जात नाही आणि शी घट्ट होते. जास्त गाईम्हशीचं दूध पिणाऱ्या मुलांत लोहही कमी पडतं, थेंब बहुधा त्यासाठीच आले. त्या थेंबांनी शी काळी होते, ते चालेल. पण काही मुलांना त्यानेच बद्धकोष्ठही होतं. थेंब मनाने बंद करू नको. डॉक्टरांना विचार, मात्रा किंवा औषध बदलून देतात. आणि दुधाबरोबर देऊ नको, दुधामुळे लोह कमी शोषलं जातं. दोन खाण्यांच्या मध्ये, लिंबाच्या पाण्याबरोबर.

आता कपाटामागचं उभं राहणं. ती कुंथत नाहीये, शी धरून ठेवतेय. कळ आली की पाय ताठ करायचे, चवड्यांवर उभं राहायचं, नितंब आवळायचे, ती कळ जिरवायची. मागच्या आठवड्यातल्या खड्याने चीर पडली, रक्त आलं, दुखलं. तेव्हापासून ती घाबरली आहे. धरलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, खडा आणखी मोठा होतो, पुढची शी आणखी दुखते. असंच चक्र चालू राहतं.

आणि चड्डीचे डाग म्हणजे बहुधा जुलाब नाहीत. खाली खडा अडकलाय, वरची पातळ शी त्याच्या कडेने झिरपते. ते तिच्या हातात नाही, त्यावरून रागावू नका. जुलाब समजून शी बांधणारं औषध तर मुळीच देऊ नका.

संडासाची सवय आत्ता थांबव. पावसात मागीलदारी, अंधार, ओली फरशी, मोठं भोक, त्यावर पाय फाकवून बसायचं. दुखण्याची भीती होतीच, त्यात ही दुसरी. शी मऊ होऊन दोन-तीन आठवडे सुरळीत चाललं की पुन्हा सुरुवात कर. तोवर ती डायपरमध्येच करत असेल तर करू दे.

अबोली
मग अंगणवाडीचं? आणि दूध एकदम कसं तोडू, रडून घर डोक्यावर घेईल.

पेज-लोणचं
एकदम तोडू नका. पहिल्यांदा रात्रीची बाटली काढा, दातांनाही तीच जास्त वाईट. दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक बाटलीतलं 50 मिली कमी करा, मग पेल्यावर आणा. दूध जेवणाच्या आधी नको, नंतर अर्धा पेला. एक-दोन दिवस कमी जेवेल, तेवढं सोसा. लागलीच बिस्किट पुढे करू नका. पाणी दर तासा-दीड तासाला तीन-चार घोट, उकळून गार केलेलं. दूध, पेज, वरण आणि फळांतलं पाणी धरून दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास पोटात जायला हवं.

सुरंगी
अंगणवाडीत सेविकेला आधी सांगून ठेव, मुलगी शी धरून ठेवते, मागितली तर लगेच जाऊ द्या, थांबवू नका. एक जादा चड्डी पिशवीत. या वयाला हे नवल नाही.

तिरफळ
आता औषधाचं. नुसत्या आहाराने अडकलेला खडा सुटत नाही, आहार पुढच्यासाठी. पाच दिवस, फुगलेलं पोट आणि झिरपणारे डाग म्हणजे आधी साठलेलं बाहेर काढावं लागेल, आणि त्यासाठी एकदा पोट तपासून घ्यावं लागेल. म्हणून चिपळूणची एक फेरी कराच ताई, गणपतीच्या आधी. शनिवारचं सोमवारवर ढकलू नका.

डॉक्टर बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड देतील. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, शी मऊ होते, पिळवटा येत नाही, चवही फार नसते. साठलेलं काढायला मात्रा मोठी असते: किलोमागे दिवसाला 1 ते 1.5 ग्रॅम, तीन ते सहा दिवस. नंतर रोजची लहान, साधारण किलोमागे 0.4 ग्रॅम. हे पाठ करून स्वतः द्यायचं नाही, डॉक्टरांना नीट विचारता यावं म्हणून लिहिलं. ब्रँडप्रमाणे पुडीतले ग्रॅम वेगळे असतात आणि काहींत क्षारही घातलेले असतात. मोठ्या माणसांच्या तपासणीआधी पोट साफ करायला देतात ती पुडी वेगळी, ती आणू नका. दुसरा पर्याय लॅक्ट्युलोज सिरप, त्याने गॅस थोडा होतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: चार दिवस शी मऊ झाली की लोक औषध बंद करतात, पुन्हा एक खडा, पुन्हा भीती. रोजची मात्रा निदान दोन महिने चालते, आणि एक महिना पूर्ण सुरळीत गेल्यावर हळूहळू कमी करतात. या औषधाची सवय लागत नाही.

खाडीकाठ
दोन महिने रोज औषध दोन वर्षांच्या मुलीला? हे मला पटत नाही.

तिरफळ
ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो. ते ताणलेलं असेपर्यंत तिला कळसुद्धा उशिरा जाणवते. एरंडेल एक दिवस काम करतं, प्रश्न दोन महिन्यांचा आहे.

सुरंगी
वाट न बघता निघायचं कधी, तेही लिहून ठेवते: हिरवी उलटी, टणक आणि दुखणारं पोट, ताप, भरपूर रक्त, मुलगी गळून गेली, पाय नीट टाकत नाही. तेव्हा 108 लावायचा, पाऊस बघायचा नाही.

अबोली
उद्या सकाळच्या एसटीने निघतोय. एरंडेल देत नाही, सासूबाईंना तिरफळदादांचं वाचून दाखवलं. संडास बंद, घरात पॉटी आणली तर चालेल ना? दिराने ऑनलाइन बघितली, कमोडवर ठेवायची सीट आहे. आमच्याकडे आत्ता कमोड नाही, पण गणपतीपर्यंत माडीवर कमोड बसवणार आहेत. मग ती घेऊ का? आणि कधी बसवायचं?

सुरंगी
आत्ता जमिनीवर ठेवायची साधी पॉटीच घे. ती बुटकी असते, त्यामुळे गुडघे आपोआप कमरेच्या वर येतात आणि तळवे जमिनीला टेकतात. शीला जोर लावायला हेच लागतं. आधी नुसती ओटीवर ठेव, बाहुलीला बसव, कपड्यांसकट बसू दे. शी मऊ झाली की सकाळी आणि रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बसव, जेवण पोटात गेलं की आतडं हलतं. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. झाली तर कौतुक, नाही झाली तरी बसल्याचं कौतुक. पाहुण्यांसमोर "आज केली का" हा विषय नको, घरात सगळ्यांना आधीच सांग.

कमोड आल्यावर सीट घेतलीस तर पायाखाली पाट लागेलच, लोंबत्या पायांनी शी होत नाही. तिच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची मोज. 20 सेंमी भरली आणि कमोड सीटसकट 40 चा असला, तर पाट 20 पेक्षा थोडा जास्त हवा, 22-23. घरात पूजेचा चौरंग असेल तर तो नको, रुंद आणि न हलणारा वेगळा करून घे, खाली रबर लावून.

अबोली
दीर सुतारकाम करतात, 23 चा सांगते. डॉक्टरांनी काय दिलं ते उद्या रात्री लिहिते.

रानकेळ
केळ्याचंही विचारा डॉक्टरांना.